इमॅजिकासाठी एकोणीस जणांचा मुक्काम : परवडणारी सोय कोठे करावी?

वाघबिळकर

नमस्कार मंडळी. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आमचे सगळे कुटुंब ठाण्यात जमणार आहे. नागपूरची बहीण, सांगलीचे थोरले बंधू, नाशिकची चुलत भावंडे, त्यांची मुले आणि आमची ऐंशी ओलांडलेली आई असे लहानमोठे मिळून एकोणीस जण होतात. मुलांनी भाऊबीज झाल्यावर खोपोलीच्या इमॅजिकाला जाण्याचा हट्ट धरला आहे. एक दिवस थीम पार्क आणि दुसरा दिवस वॉटर पार्क असा बेत असल्यामुळे दोन रात्री जवळपास कोठेतरी राहावे लागेल. उद्यानाला लागून असलेल्या हॉटेलात एवढ्या माणसांच्या खोल्या घेणे आम्हाला झेपणारे नाही. लोणावळा, कर्जत, खोपोली, पनवेल यांपैकी कोठे राहावे, खोल्या घ्याव्यात की पूर्ण बंगला घ्यावा, आणि स्वस्त म्हणता येईल अशी काही वेगळी सोय कोणास ठाऊक आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

चहाबाज

ठाण्यात राहणाऱ्या माणसाने इमॅजिकासाठी मुक्काम करणे म्हणजे डोंबिवलीकराने कल्याणला हॉटेल घेण्यासारखे आहे. अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटरचे आहे. सकाळी सहाला निघा, रात्री दहापर्यंत घरी परत या.

वाघबिळकर

चहाबाज, आमच्या घरात दोन खोल्या आणि एक हॉल आहे. एकोणीस माणसे त्याच घरातून सलग दोन दिवस सकाळी सहाला निघतील, यावर माझा विश्वास नाही. शिवाय रात्री परतताना महापे-शिळफाट्यावर अडकलेली गाडी आणि त्यात पेंगणारी पाच-सहा मुले हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा.

ऐरोलीचा_भाचा

लोणावळ्याचा विचार प्रथम मनातून काढून टाका. नकाशावर ते जवळ दिसते आणि हॉटेले भरपूर असल्यामुळे बहुतेक जण तेथेच खोल्या घेतात. मात्र इमॅजिका बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. ठाण्याहून जाताना खालापूरचा टोल नाका ओलांडला की घाट चढण्यापूर्वीच द्रुतगती मार्ग सोडावा लागतो. लोणावळ्यात राहिलात तर पहिल्या दिवशी घाट चढायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचा, रात्री पुन्हा चढायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उतरायचा, असा प्रकार होतो. सुट्टीच्या दिवसांत या घाटात गाड्या कशा तुंबतात हे येथे कोणालाही सांगावे लागू नये. मुक्काम घाटाच्या खालीच हवा, मग तो खोपोली, खालापूर, चौक किंवा पनवेल यांपैकी कोठेही असो.

खारघर_टेकडी

ऐरोलीच्या भाच्याशी मी सहमत आहे, पण सर्वस्वी नाही. दोन दिवस केवळ उद्यानातच घालवायचे असतील तर लोणावळा गैरसोयीचे ठरते हे खरे. परंतु बरोबरची निम्मी मंडळी उद्यानात जाणारच नसतील, तर त्यांनी खोपोलीत दिवसभर काय करावे? आमच्या सासरच्या मंडळींना घेऊन गेलो होतो तेव्हा मुले झुल्यांवर आणि ज्येष्ठ मंडळी लॉजच्या खोलीत दूरदर्शनसमोर अशी स्थिती झाली. त्याऐवजी लोणावळ्यात निदान थंड हवा तरी मिळाली असती.

नलूमावशी

खारघर, खोपोलीत करण्यासारखे काही नाही असे कसे म्हणता? अष्टविनायकांपैकी दोन गणपती याच भागात आहेत. महडचा वरदविनायक खोपोलीच्या अगदी जवळ आहे आणि पालीचा बल्लाळेश्वर इमॅजिकाच्याच रस्त्यावर पुढे सुमारे तीस किलोमीटरवर आहे. पालीजवळ उन्हेरे येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. वाघबिळकरांच्या मातोश्रींचे आणि ज्यांना झुल्यांवर बसायचे नाही अशा सर्वांचे उद्यानाचे तिकीटच काढू नये. मुलांना दारात उतरवून तीच गाडी पुढे पालीला न्यावी, दर्शन आणि जेवण आटोपून संध्याकाळी परत यावे. तिकिटांचे पैसे वाचतात आणि आईंचा दिवसही चांगला जातो.

पालीला देवस्थानचे भक्तनिवास आहे, तेथेही चौकशी करावी. मात्र भक्तनिवास हे दर्शनाला येणाऱ्यांसाठी असते, याचे भान ठेवून जावे. रात्री उशिरा उद्यानातून परतलेली मुले तेथे गोंधळ घालणार असतील, तर ते बरे दिसत नाही. संकष्टीची तारीखही आधी पाहून घ्यावी, कारण त्या दिवशी खोली मिळणे कठीण असते.

एसटीप्रेमी

वाहनाविषयी कोणीच बोललेले नाही. ठाण्याहून खोपोलीला थेट लोकल जाते, पण अशा गाड्या मोजक्याच आहेत. ती चुकली तर कर्जतला गाडी बदलून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी असे करत खोपोलीला पोहोचता येते. तिकीट अतिशय स्वस्त आहे आणि नागपूर-सांगलीच्या मुलांना लोकलचा प्रवास हाच एक झुला वाटेल. नवी मुंबईकरांना मात्र लोकलने जायचे तर आधी उलटे ठाण्याला यावे लागते, त्यामुळे त्यांनी पनवेलहून एसटी धरावी हे उत्तम.

सानपाडेकर

एसटीप्रेमी, एकोणीस माणसे, त्यांच्या पिशव्या, ओले कपडे आणि ऐंशी वर्षांच्या आजी यांना घेऊन आपण कर्जतला गाडी बदलून दाखवावी. आम्ही सारे फलाटावर टाळ्या वाजवायला येऊ.

एसटीप्रेमी

टाळ्या नकोत, पिशव्या धरायला या.

सानपाडेकर

विनोद बाजूला ठेवून सांगतो. सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर आणि एक घरची गाडी हे तुमच्या संख्येला योग्य ठरेल. गाडी ठरवताना चालकाच्या राहण्या-जेवणाची सोय कोणी करायची आणि रात्री मुक्कामाचा भत्ता किती, हे आधीच बोलून घ्यावे. मुक्कामाची जागा उद्यानापासून जितकी लांब, तितके गाडीचे किलोमीटर वाढतात. त्यामुळे दूरचा स्वस्त बंगला शेवटी स्वस्त राहत नाही. कर्जतच्या आतल्या गावांमधील फार्महाउसांच्या बाबतीत हे फार घडते. जाहिरातीत ‘कर्जत’ असे लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात स्थानकापासून आणखी कितीतरी आत जावे लागते.

हिशेबनीस

बंगला की खोल्या या प्रश्नाला कराची एक बाजू आहे आणि ती मोठ्या कुटुंबाच्या बाबतीत चांगलीच जाणवते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ज्या खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत आहे, तिच्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. त्याहून अधिक भाडे असेल तर दर १८ टक्के आहे. ही मर्यादा खोलीगणिक मोजतात, एकूण बिलावर मोजत नाहीत. आता समजा, चार हजारांच्या पाच खोल्या घेतल्या, तर भाडे वीस हजार आणि कर एक हजार होतो. तेच वीस हजार एका पूर्ण बंगल्याचे एकत्रित भाडे म्हणून आकारले, तर कर ३,६०० रुपये होऊ शकतो. एका रात्रीत अडीच हजारांहून अधिक फरक पडतो, आणि तुम्हाला दोन रात्री राहायचे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, सेवा देणाऱ्या लहान मालकाची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल, तर त्याला सहसा नोंदणी करावी लागत नाही आणि थेट त्याच्याकडून जागा घेतल्यास कर लागत नाही. तीच जागा एखाद्या ॲपवरून घेतली, तर मात्र कर भरण्याची जबाबदारी त्या ॲपच्या कंपनीवर येते आणि ती रक्कम अर्थातच तुमच्या बिलात दिसते. म्हणून दर विचारताना ‘सर्व कर धरून किती’ असेच विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. नोंदणी नसलेला मालक जीएसटी मागत असेल, तर त्याच्याकडे नोंदणी क्रमांक मागावा. पुष्कळदा तेवढ्यानेच कर नाहीसा होतो.

चहाबाज

हिशेबनीस यांना बरोबरच घेऊन जा, वाघबिळकर. विसावा माणूस म्हणून.

खारघर_टेकडी

थेट मालकाकडून जागा घेताना एक सावधगिरी बाळगावी. समाजमाध्यमांवर बंगल्यांची सुंदर छायाचित्रे टाकून आगाऊ रक्कम उकळणारे पुष्कळ आहेत. आमच्या शेजाऱ्यांनी अशीच अर्धी रक्कम पाठवली. तेथे पोहोचल्यावर तो बंगला दुसऱ्याच कोणाचा होता आणि तो भाड्याने दिलाच जात नव्हता, असे कळले. रखवालदाराला यात नवीन काही नव्हते; त्याच महिन्यात आणखी एक कुटुंब येऊन परत गेले होते. म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर गेटपासून स्वयंपाकघरापर्यंत सलग जागा दाखवायला सांगावी. शक्य असेल तर कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन यावे, ठाण्याहून ते काही फार अवघड नाही. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण जितका उशीर होईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता कमी होत जाते.

दूरदेशी

मी मूळचा नौपाड्याचा, सध्या फ्लोरिडात राहतो. येथे ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला दरवर्षी कोणा ना कोणा पाहुण्यांना घेऊन जावे लागते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या चांगलाच परिचयाचा आहे. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांतील बहुतेक साध्या खोल्यांत चारच माणसांना परवानगी असते. सहा जणांसाठी काही मोठ्या कौटुंबिक खोल्या आहेत, पण त्यांचे दर पाहून पाहुणे आपोआप गप्प होतात. म्हणून मोठी कुटुंबे किसिमी किंवा डेव्हनपोर्ट या बाजूंना पाच-सहा शयनगृहांचे पूर्ण घर भाड्याने घेतात. स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचे यंत्र हाताशी असते, त्यामुळे सकाळी पोहे आणि रात्री वरणभात घरीच होतो.

परंतु जाहिरातीतील भाडे आणि अंतिम रक्कम यांत बरीच तफावत असते. सफाईचे शुल्क वेगळे, हिवाळ्यात तलावाचे पाणी गरम करण्याचे वेगळे, शिवाय उद्यानात रोज गाडी लावण्याचे पैसे वेगळे. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना उद्यानात गाडी लावण्याचे पैसे पडत नाहीत आणि सकाळी अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. लहान मुले बरोबर असली की त्या अर्ध्या तासाचे मोल फार असते. सांगायचा मुद्दा असा की, दूरचे स्वस्त घर आणि जवळची महाग खोली यांची तुलना भाड्यावरून करू नये. रात्री थकलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन किती लांब जावे लागेल, तेही हिशेबात धरावे.

बहिणीची किंवा भावाची मुले परदेशी पारपत्रावर येणार असतील, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतात परदेशी नागरिक मुक्कामाला आला की जागेच्या चालकाला चोवीस तासांत त्याची नोंद ऑनलाइन करावी लागते. लहान लॉजवाले ही कटकट नको म्हणून ऐनवेळी खोली नाकारतात. आधी विचारलेले बरे.

घोडबंदर

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. गोराईचे एस्सेलवर्ल्ड हे करमणूक उद्यान १९८९ साली सुरू झाले, सकाळी बोटीने जायचे आणि संध्याकाळी बोटीने परत यायचे. तेही २०२२ साली बंद पडले. आता ठाणेकरांपुढे मानपाड्याची टिकुजीनी वाडी, घोडबंदरचे सूरज वॉटर पार्क, नाहीतर थेट खोपोली असे पर्याय उरतात. वाघबिळकर, टिकुजीनी वाडी तुमच्यापासून दोन-चार किलोमीटरवर आहे आणि तेथे राहण्याचीही सोय आहे. मुलांची समजूत घालता येते का ते पाहा.

वाघबिळकर

घोडबंदर, तो प्रस्ताव कुटुंबाच्या गटात मांडला होता. नातवंडांनी एकमताने फेटाळला.

ऐरोलीचा_भाचा

सर्वांनी भाड्याचा आणि अंतराचा विचार केला, पण मोठ्या कुटुंबाचा खरा प्रश्न न्हाणीघरांचा असतो. एकोणीस माणसे आणि दोन न्हाणीघरे असतील, तर प्रत्येकी पंधरा मिनिटे धरली तरी शेवटच्या माणसाची आंघोळ व्हायला जवळजवळ अडीच तास लागतात. त्यात पंधरा लिटरचा गीझर असेल तर तिसऱ्या माणसानंतर थंड पाणी येणार, हे ठरलेलेच. एवढे महाग तिकीट काढून उद्यान उघडताना दारात हजर नसलो, तर पहिले दोन तास फुकट जातात आणि नेमक्या त्याच दोन तासांत रांगा कमी असतात. ‘पाच शयनगृहे’ असे लिहिलेले पाहून भुलू नये. न्हाणीघरे किती, शौचालये वेगळी आहेत का आणि गरम पाण्याची टाकी किती लिटरची आहे, हे विचारावे.

चहाबाज

वॉटर पार्कच्या दिवशी आंघोळीला सुट्टी द्यावी.

नलूमावशी

चहाबाज, आपल्या घरी तसे चालत असेल.

बंगल्यातील पोहण्याच्या तलावाबद्दल कोणी बोलले नाही म्हणून सांगते. अशा बंगल्यांत जीवरक्षक सहसा नसतो, आणि रात्री मोठी माणसे गप्पांत रमली की मुले पाण्याकडे धावतात. तलाव कुंपणाच्या आत आहे का आणि रात्री त्याला कुलूप लागते का, हे अवश्य विचारावे. तुम्ही दोन दिवसांपैकी एक दिवस वॉटर पार्कमध्येच घालवणार असाल, तर तलाव असलेल्या बंगल्यासाठी जादा भाडे देण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

सानपाडेकर

मी एक वेगळाच पर्याय सुचवतो, हसू नये. मंगल कार्यालय पाहा.

चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नसतात. तुळशीचे लग्न लागेपर्यंत कार्यालये बरीचशी रिकामी असतात आणि तुमची दिवाळीची सुट्टी नेमकी त्याच काळात येते. खोपोली, खालापूर, पनवेल या पट्ट्यात वधूपक्ष आणि वरपक्षासाठी वेगवेगळ्या खोल्या असलेली कार्यालये आहेत. मोठा हॉल, गाद्या-उशा, भरपूर शौचालये, भांड्यांसह स्वयंपाकघर आणि गाड्या लावायला अंगण हे सगळे तेथे आपसूकच असते, कारण ती जागा दीडदोनशे माणसांसाठी बांधलेली असते. आमच्या काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही असेच कार्यालय घेतले होते आणि कार्यक्रम झाल्यावरही दोन दिवस तेथेच राहिलो. व्यवस्थापकाला रिकाम्या दिवसांत चार पैसे मिळाले, त्यामुळे त्याने भाड्यात चांगली सूट दिली.

अडचणीही सांगतो. सगळ्याच कार्यालयांना रात्रीच्या मुक्कामासाठी जागा देता येत नाही. काही जण सरळ नकार देतात. खोल्यांत वातानुकूलन असेलच असे नाही. दिवाळीत काही ठिकाणी फराळ आणि कपड्यांची प्रदर्शने भरतात, त्यामुळे हॉल मिळत नाही. वीज, पाणी, गाद्या आणि साफसफाई यांचे पैसे भाड्यात धरलेले आहेत की वेगळे, हे कागदावर घ्यावे लागते.

खारघर_टेकडी

कल्पना चांगली आहे, पण सुट्टीवर गेल्यावर हॉलमध्ये ओळीने गाद्या टाकून झोपायचे म्हणजे नव्या सुनांना आणि जावयांना ते रुचेल का, याची मला शंका वाटते. आमच्या पिढीला त्यात मौज वाटते, पण सर्वांना वाटतेच असे नाही. लोकांना दार लावता येईल अशी खोली हवी असते.

सानपाडेकर

आपला आक्षेप योग्य आहे. वधूपक्षाच्या आणि वरपक्षाच्या खोल्या जोडप्यांना आणि आजींना द्याव्यात. मुले आणि काकामंडळी हॉलमध्ये राहतील. मुलांना खोलीत झोपवले तरी ती रात्री हॉलमध्येच येतात.

हिशेबनीस

दिवसांबद्दल एक सूचना करतो. भाऊबीज झाल्यावर पहिल्या शनिवार-रविवारी जाऊ नये. शाळांची सुट्टी त्यापुढेही काही दिवस असते. मंगळवार-बुधवार धरलात तर बंगल्याचे भाडे, खोल्यांचे दर आणि उद्यानाचे तिकीट या तिन्ही गोष्टी सहसा उतरतात, कारण तिकिटाचे दरही तारखेनुसार बदलतात. नोकरदारांना दोन दिवसांची रजा काढावी लागेल, पण एकोणीस जणांच्या खर्चात जो फरक पडेल त्यापुढे ती रजा स्वस्तच पडेल. मुलांचे तिकीट वयावरून ठरत नाही, उंचीवरून ठरते. म्हणून निघण्यापूर्वी घरी सर्वांची उंची मोजून ठेवावी आणि मगच तिकिटे काढावीत.

दूरदेशी

उंची मोजण्याची सूचना अगदी योग्य आहे. मोठ्या झुल्यांनाही उंचीची अट असते, आणि तासभर रांगेत उभे राहिल्यावर एखाद्या भाच्याला दोन बोटांनी कमी पडल्यामुळे परत पाठवले, की सबंध कुटुंबाचा दिवस त्याचे रडणे थांबवण्यात जातो.

वाघबिळकर

सर्वांचे मनापासून आभार. काल मी आणि धाकटा भाऊ खोपोली-खालापूर भागात जाऊन आलो. लोणावळा आणि कर्जत हे दोन्ही पर्याय सोडून दिले. दोन लॉज पाहिले. खोल्या ठीक होत्या, पण एकत्र बसायला जागा नव्हती आणि आईला दोन जिने चढावे लागले असते. एका बंगल्याचे भाडे ऐकून परत फिरलो. सानपाडेकरांच्या सांगण्यावरून तीन कार्यालयांत चौकशी केली. दोघांनी नकार दिला. तिसऱ्याने चार खोल्या आणि वरचा हॉल दोन रात्रींसाठी द्यायची तयारी दाखवली आणि सांगितलेला आकडा लॉजच्या पाच खोल्यांपेक्षा बराच कमी आहे. वातानुकूलन नाही, पण कार्तिकात त्याची तितकी गरज भासू नये. भाऊबीजेनंतरचा मंगळवार-बुधवार धरला आहे. ज्यांना उद्यानात यायचे नाही ते सहा जण गाडीने महड आणि पालीला जातील.

ऐरोलीचा_भाचा

न्हाणीघरे किती?

वाघबिळकर

खोल्यांची चार आणि खाली सामायिक सहा. गरम पाण्याचा बंब आहे, पण तो पहाटे पेटवायला त्यांच्या माणसाला वेगळे पैसे द्यावे लागतील.

नलूमावशी

पैसे द्या, पण माणूस ठरवूनच घ्या; बंब आयत्या वेळी तुम्ही पेटवू म्हणाल तर नऊ वाजतील. आईंची खोली तळमजल्यावर आहे ना, आणि तेथे कमोड आहे का? कार्यालयांत पुष्कळदा भारतीय पद्धतीचीच शौचालये असतात.

वाघबिळकर

खोली तळमजल्यावरच आहे, मावशी. कमोड एकाच खोलीत आहे आणि ती आईसाठी राखून ठेवायला सांगितली आहे. आता आचारी तेवढा मिळायचा राहिला आहे. दोन वेळचा चहा-नाश्ता आणि रात्रीचे साधे जेवण करून देणारे खोपोलीकडचे कोणी माहितीत असेल, तर कृपया निरोप पाठवावा.

हिशेबनीस

आचारी मिळेल, पण आधी कार्यालयाची अनामत रक्कम, ती परत मिळण्याची अट, गाद्यांची संख्या आणि विजेचे मीटर वाचन हे सर्व पावतीवर लिहून घ्या. मीटरचे छायाचित्र आत शिरताना काढावे, निघताना नव्हे.